शाळेचा खतखड्डा



तुम्ही दिवसभर राबून इथे आला आहात, म्हणून फार वेळ घेत नाही. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. आज एका खड्ड्याची गोष्ट सांगतो. त्या खड्ड्याने पोरांना शिकवले. पण पोरांच्या आधी त्याने मला शिकवले.

२००० साली आपल्या राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे झाडून निघाली. पण झाडलेला कचरा टाकायचा कुठे? आमच्या शाळेत लिंबाचा पाला रोज पडायचा. दुपारच्या खिचडीच्या भाजीची साले निघायची. आम्ही ते सारे जाळत होतो. धुराने पोरांचे डोळे झोंबायचे. शिवाय पाला जाळणे म्हणजे खत जाळणे. म्हणून २००४ साली आम्ही शाळेमागे खड्डा घेतला. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल. खणायचे काम मोठ्या माणसांनी केले.

मग मी चौथीच्या वर्गात कामे वाटली. काही मुलांना झाडांना पाणी घालायला सांगितले. काहींना पाला गोळा करायला सांगितले. आणि म्हणालो, "ज्यांना सवय आहे त्यांनी शेणाची टोपली आणावी."

एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, दर वेळी आमच्याच आळीनं का?"

मंडळी, मला उत्तर सुचेना. टोपली उचलायला उठलेली चारही पोरे एकाच आळीची होती. मी कुणाच्या जातीचे नाव घेतले नव्हते. पण 'सवय' या शब्दात ते नाव लपलेले होते. १९५० साली आपल्या घटनेने अस्पृश्यता बंद केली. ती कागदावरून गेली होती. माझ्या जिभेवरून गेली नव्हती.

त्या रात्री मला गाडगेबाबा आठवले. बाबांचा जन्म १८७६ सालचा. त्यांनी १९५६ साली देह ठेवला. ते गावात गेले की आधी स्वतः खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. आधी काम, मग बोलणे. मी मात्र नुसता बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिली टोपली मी उचलली. मग फळ्यावर पाळी लिहिली, हजेरीच्या नंबराप्रमाणे. ज्याचा नंबर, त्याची टोपली. पाटलाचा असो की मजुराचा, मुलगा असो की मुलगी. गुरुजींचाही नंबर त्यात होता.

संध्याकाळी एक बाप तावातावाने आला. "गुरुजी, पोराला शिकायला धाडलंय, शेण उचलायला नाय!" मी म्हणालो, "दादा, काल दुसऱ्यांची पोरं उचलत होती, तेव्हा तुम्ही का नाही आलात?" तो गप्प झाला. पण त्याने पोराला वर्षभर त्या कामाला हात लावू दिला नाही. सगळे एका दिवसात सुधारले, असे खोटे मी सांगणार नाही.

पुढे खड्ड्याला घाण वास सुटला. माश्या झाल्या. लोक म्हणाले, "बुजवा तो खड्डा." तेव्हा एका म्हातारीने काठी खुपसून पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही याला बुडवून मारलंय. जरा वारा लागू द्या." पोरांनी हौसेने रोज बादल्या ओतल्या होत्या. कचरा कुजवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण ते जिवंत असतात. त्यांना ओल लागते, तशी हवाही लागते. पाणी साचले की हवा कोंडते. मग कचरा नीट कुजत नाही, नुसता सडतो.

आम्ही सारे उपसले. सुका पाला मिसळला आणि पुन्हा भरले. ती रीत आता नीट ऐका.

तळाला काड्या आणि जाड धसकटे टाका. वर सुक्या पाल्याचा वीतभर थर द्या. त्यावर ओल्या कचऱ्याचा पातळ थर द्या. ओले एक टोपले, तर सुके तीन टोपली. मग पाण्यात कालवलेले शेण शिंपडा आणि वर मूठभर माती पसरा. असे थर चढवत जा. ओल किती हवी? मूठ आवळून पाहा. हात ओला व्हावा, पण धार गळू नये. चार-पाच दिवसांनी आत काठी खुपसा आणि काढून हात लावा. काठी गरम लागली, तर काम चालू आहे असे समजा. दर पंधरा दिवसांनी खालवर करा. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो.

खड्ड्यात प्लॅस्टिक, काच आणि बॅटरीचे सेल कधी टाकू नका. गाजरगवत फुलायच्या आधीच टाका, नाहीतर त्याचे बी शेतात जाते. पोरांच्या हाताला जखम असेल तर त्यांना काम देऊ नका. काम झाले की साबणाने हात धुवायला लावा.

ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. तिथे त्यांनी खताची रीत बसवली. तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. ते म्हणत, इथले शेतकरी हेच माझे गुरू. पुढे आपल्या पुसदच्या पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची 'नाडेप' पद्धत काढली. तिला शेण थोडे पुरते आणि खालवर करावे लागत नाही.

आमच्या खड्ड्यातून चाळीस घमेली खत निघाले. पोरांनी ती मोजून वहीत लिहिली. तोच त्यांचा गणिताचा धडा झाला. ते खत मेथी-पालकाच्या वाफ्यांना घातले. ती भाजी खिचडीत पडली. पंगतीत सगळे एका रांगेत बसून जेवले. भाजीला कुणी विचारले नाही, तुझे खत कोणत्या आळीच्या हातांनी आणले?

मंडळी, तुमच्या गावच्या शाळेत असा खड्डा असेल, तर एकदा जाऊन पाहा. खत काळे झाले की नाही, हे पाहाच. पण टोपली कोण उचलते, हेही पाहा. सगळ्यांची पोरे पाळीने उचलत असतील, तर ते शिक्षण आहे. ठराविक पोरेच उचलत असतील, तर ती वेठ आहे. तसे दिसले तर गुरुजींना विचारा. न भिता विचारा. मला एका लहान मुलीने विचारले होते. तिचे उपकार मी विसरलो नाही.