विद्युत्‌संपर्कातील चांदी आणि आपली गलाई
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका माजी विद्यार्थ्याच्या भाषणाचा संपादित भाग)



माझे आयुष्य बेंगळुरूत स्विचगिअरच्या व्यवसायात गेले; माझ्या वर्गातील कित्येक मुलांचे गलाईत गेले. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या अवर्षणाच्या पट्ट्यातून सोने-चांदी आटवण्याची विद्या घेऊन आपली माणसे देशभर पांगली. बेंगळुरूच्या नगरथपेटेतील अरुंद बोळांतून चालताना आजही आपली बोली कानावर पडते. मी ज्या चांदीने संपर्कबिंदू घडवत आलो, तीच चांदी वीस-तीस वर्षांनी भंगारातून या बोळांत येते. या दोन टोकांमधील अंतराविषयी आज बोलणार आहे.

शिवनसमुद्रची वीज 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि 1905 साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पुढे 1946 मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि 1948 मध्ये दूरवाणीनगरचा टेलिफोन कारखाना सुरू झाला. वीज आली की ती चालू-बंद करणे आले, आणि जेथे हे वारंवार करावे लागते तेथे चांदी आली.

चांदी का? ती सर्वोत्तम विद्युत्‌वाहक आहे, हे उत्तर पाठ्यपुस्तकात असते. ते खरे असले तरी अपुरे आहे. तांब्याहून ती जेमतेम सहा-सात टक्क्यांनी सरस. तेवढ्यासाठी कोणताही कारखानदार तिजोरी उघडणार नाही. खरे कारण गंजात आहे. संपर्क तुटताना ठिणगी पडते आणि धातू तापतो. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो विजेला अडवतो, त्यामुळे तांबे अधिक तापते आणि थर आणखी वाढतो. चांदीचे ऑक्साइड मात्र दोन-तीनशे अंशांच्या घरात स्वतःच विघटित होते आणि पृष्ठभाग पुन्हा चांदीचाच राहतो. देवघरातील निरांजन काळे पडते ते गंधकामुळे. तो दोष संपर्कातही आहे, पण ठिणगीपुढे तो थर सहसा टिकत नाही.

शुद्ध चांदी मऊ असते. मोठ्या प्रवाहाने दोन बिंदू एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून तीत निकेल, टंगस्टन, कथिलाचे ऑक्साइड किंवा कॅडमियमचे ऑक्साइड मिसळतात. यांपैकी कॅडमियमचे मिश्रण कित्येक दशके आम्हा अभियंत्यांचे लाडके होते: ठिणगी लवकर विझे आणि बिंदू चिकटत नसत. त्याची पुढची वाट कोणाच्या घशातून जाते, याचा विचार आम्ही केला नाही.

आता हिशेब पाहा. चार मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर जाडीचा बिंदू साधारण 130 मिलिग्रॅम भरतो. त्रिकला मोटारीच्या काँटॅक्टरमध्ये असे बारा मुख्य बिंदू असतात. हजार बिंदू गोळा केले तर शंभर ग्रॅमहून अधिक चांदी हाती येते. सोनाराच्या दुकानातील राखमाती धुणाऱ्या झारेकऱ्याच्या दृष्टीने ही श्रीमंतीच होय.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात गेलो होतो. मालक आपल्याच भागातले. त्यांनी विचारले, “साहेब, ह्यो माल मुशीत टाकला की पिवळा-तांबडा धूर का सोडतो? दागिन्याची चांदी तर असं करत न्हाई. पोराला त्या रात्री थंडीताप भरला. डॉक्टर म्हणाले, फ्लू हाय.” मी त्यांच्या हातातील बिंदू पाहिला आणि माझी मान खाली गेली. तो माल आमच्याच पिढीने घडवलेला होता.

चांदी 962 अंशांवर वितळते. कॅडमियम 767 अंशांवर उकळते. ग्राफाइटच्या मुशीत कार्बनच्या सान्निध्याने ऑक्साइडचा धातू होतो आणि चांदीचे पाणी होण्याच्या आत त्याची वाफ होऊन निघते. हवेत येताच तिचा सूक्ष्म धूर बनतो. श्वासातून तो गेल्यावर लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला, छातीत भार. फ्लू समजून माणूस झोपतो आणि फुप्फुसात पाणी भरू लागते. थोडा-थोडा वर्षानुवर्षे गेला तर मूत्रपिंडे निकामी होतात. तोंडाला बांधलेला रुमाल यापुढे व्यर्थ आहे.

मुलगा बचावला. त्यानंतर आम्ही दोघांनी मालाची वर्गवारी ठरवली. निकेलमिश्रित बिंदू लोहचुंबकाला ओढ देतो. टंगस्टनचा वितळतच नाही. कथिलाचा शोऱ्याच्या तेजाबात टाकला तर पांढरा गाळ उरतो. कॅडमियमचा मात्र मुकाट्याने पूर्ण विरघळतो, म्हणून संशयित माल मुशीत घालायचाच नाही.

तेजाबाची वाट अधिक सुरक्षित, पण निर्धोक नव्हे. तिचा तपकिरी वायू ओढून घेणारा धुराडा हवाच. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी राखाडी चुऱ्यासारखी खाली बसते. एक ग्रॅम तांबे सुमारे 3.4 ग्रॅम चांदी मोकळी करते. कॅडमियम द्रावणातच राहते, आणि खरा प्रश्न येथे उभा राहतो: ते निळे पाणी मोरीत ओतायचे की चुन्याने गाळ बसवून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यायचे? 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याचे दायित्व स्पष्ट केले आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत नोंदणी कशी परवडावी, हा त्या मालकांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. चार-पाच दुकानांनी मिळून एकच धुराडा आणि एकच टाकी उभारावी, असा मी आग्रह धरला आहे. दोघे तयार आहेत, तिसरे विचार करीत आहेत.

सोबत काही जुने बिंदू आणि एक चुंबक आणला आहे. व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांनी पुढे येऊन निकेलचे कोणते ते वेगळे करून पाहावेत. कॅडमियमचे दोन बिंदू काचेच्या नळीत बंद आहेत. ती नळी कोणी उघडू नये.