लेकरू शाळेत का आलं नाही?



गरिबी आणि विषमता यांचा शिक्षणावर, रोजगारावर आणि आरोग्यावर काय परिणाम होतो, असा विषय मला दिला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तीच दोन-तीनदा सांगणार आहे. रेडिओ ऐकताना मध्येच कुकरची शिटी होते, दारात कुणी हाक मारतं, आणि नेमकं हवं तेच ऐकायचं राहतं. गोष्ट अशी की, गावातलं एखादं लेकरू लागोपाठ चार-पाच दिवस शाळेत आलं नाही, तर त्याच्या घरात काहीतरी बिघडलं आहे असं समजा आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी जा. दुखणं असो, बुडालेली मजुरी असो, डोक्यावरचं कर्ज असो, घरची अडचण सगळ्यांत आधी हजेरीपटावर दिसते. बाकीच्यांना ती कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच बोलू. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागातल्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजता शिजत नाही. या गावांत किडनीच्या दुखण्यानं माणसं गेली, हेही तुम्ही जाणता. वाण धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली, ती याच त्रासापायी. पण योजनेचं पाणी येण्याआधी, आणि आजही जिथे नळ आठवडा-आठवडा कोरडा असतो तिथे, एकाच गावात दोन प्रकारची माणसं राहतात. एक पाण्याचा जार विकत घेणारी आणि दुसरी हापशीचं पाणी पिणारी. जमिनीखालचं पाणी दोघांनाही सारखंच खारट आहे, पण जार घेणाऱ्याला ते प्यावं लागत नाही.

आता हापशीचं पाणी पिणारं एक घर डोळ्यांसमोर आणा. नाव सांगत नाही. असं घर तुमच्याही गावात आहे. बाप रोजंदारीवर जाणारा. पायावर सूज आली, भूक मेली, तरी कामावर जात राहिला, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. शेवटी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च भागतो, ही फार मोठी सोय आहे, ती मी कमी लेखत नाही. पण दर खेपेचं एसटीचं जाण्यायेण्याचं पूर्ण भाडं त्या योजनेत नाही. बुडालेली मजुरी नाही. सोबत जाणाऱ्या बायकोची मजुरीही नाही. म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस त्या घरात दोन्ही रोज बुडतात. मग धाकट्याला सांभाळायला आणि शेळ्या सोडायला घरी कोण थांबणार? सातवीतली मुलगी. गुरुजींनी विचारलं तर ती म्हणते, “घरी काम होतं.” बापाच्या दुखण्याचं ती बोलत नाही, तिला लाज वाटते. हजेरीपटावर तेवढी एक रेघ पडते.

मला इथे बाज आठवते, आपली सुंभाची बाज. तिची एक दोरी उशाकडे तुटली, तर त्या दिवशी काही कळत नाही. दोन दिवसांनी मधली वीण सैल होते, चार दिवसांनी पायताकडून बाज लोंबायला लागते, आणि निजणारा मधल्या खड्ड्यात जातो. पाहणारा म्हणतो, पायतं नीट ताणून घ्या. पण तुटलंय उशाकडे! गरीब घराचं अगदी असंच होतं. दुखणं बापाला झालं, बुडाली आईची मजुरी, आणि शाळा सुटली मुलीची. आपण मात्र मुलीला समजावत बसतो की शिक्षणाचं महत्त्व आहे. तिला ते चांगलं ठाऊक आहे, बाई! सधन घरातही दोरी तुटतेच. आजार त्यांनाही होतात, पण त्यांच्या ओसरीवर दुसरी बाज उभी असते. या घरात एकच आहे आणि सगळी जणं तिच्यावरच निजतात. म्हणून दोरी पहिल्यांदा तुटली त्याच दिवशी कुणीतरी पाहायला हवं, आणि ती खबर शाळेइतकी लवकर कुणालाच लागत नाही.

दुखण्याचं आणखी एक उदाहरण सांगते. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांतच टक्कल. सगळ्या देशाचे कॅमेरे आले, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. विंचूदंशावरच्या कामासाठी आपण सगळे ज्यांना ओळखतो, त्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण खूप जास्त आढळलं. अनेक जणींनी घराबाहेर पडणं टाळलं, काहींची जमलेली लग्नं अडली, अशाही बातम्या आल्या. मला वेगळ्याच गोष्टीनं त्रास झाला. रेशनचा गहू कोण खातं? ज्याला दुकानातला निवडून आणलेला गहू परवडतो, त्याच्या ताटात तो नसतो. आणि टक्कल पडलेली मुलगी वर्गात कशी बसेल, हे कोणत्याही कॅमेऱ्यानं विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

दुखण्यासारखाच शेतीचा तोटाही शेवटी गरिबाच्या लेकराच्या शाळेवर येतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. हा फरक वावराच्या मालकाला लागतोच, पण सोंगणीच्या आणि वेचणीच्या मजुराला तो आणखी जोरात लागतो, कारण मालक हात आखडता घेतो. मग कापूस वेचायला घरातली मोठी मुलगी जाते. दिवाळीनंतरची कोणत्याही गावची हजेरी उघडून पाहा. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, लोणार या भागातली काही कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, लेकरं बरोबर जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. लेकरू गावातच आजीजवळ राहतं, जेवतं आणि शाळा करतं. चांगली सोय आहे. पण ती वेळेवर सुरू व्हायला हवी. टोळी गेल्यावर महिन्याभरानं मंजुरी आली, तर लेकरू तोवर फडात पोचलेलं असतं.

मुलींबद्दल थोडं जास्त बोलते. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. त्यापुढे शाळा दुसऱ्या गावाला. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस आणि सायकली याचसाठी आल्या, आणि त्या बसनं मुली खरोखर दहावी-बारावीपर्यंत पोचल्या, हे मी पाहिलं आहे. पण बस एक महिना बंद पडली, की बाप म्हणतो, “राहू दे, घरी बस.” आणि घरी बसलेल्या मुलीसाठी पाव्हणे यायला किती वेळ लागतो? कमी वयात लग्न, कमी वयात बाळंतपण, अंगात रक्त नाही, कमी वजनाचं बाळ. तिचं ते लेकरू उद्या आपल्याच शाळेच्या पटावर येणार आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या, २०११ मध्ये ८५५ राहिल्या. सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात आहे. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखो माणसं जमतात. त्या गर्दीतल्या प्रत्येक आईबापानं हे दोन आकडे पाठ करावेत, असं मला मनापासून वाटतं.

समोरून खूण होते आहे, दोनच मिनिटं उरली. बुलढाण्यात २०२४ साली शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याबद्दल बोलायचं होतं. त्या शंभरांत खारपाणपट्ट्यातल्या झेडपी शाळेची मुलं कशी पोचतील, हा विचार आतापासून करायला हवा, पण तो आज राहतो. कामासाठी पुण्याला आणि सुरतेला गेलेल्या पोरांचंही राहिलं.

म्हणून मूळ गोष्ट पुन्हा सांगते. लेकरू चार-पाच दिवस दिसलं नाही, तर घरी जा. शिक्षकांना वाटेल, आमच्यावर माहिती भरायची कामं काय कमी आहेत? खरं आहे, कमी नाहीत. तर मग एकट्यानं जाऊ नका. आशाताईंना बरोबर घ्या. त्यांना घराघरातलं दुखणं माहीत असतं, तुम्हाला लेकराचं नाव माहीत असतं. दोघांनी मिळून विचारलं, तर ते घर बोलतं. सरपंचांना माझं सांगणं आहे की ग्रामसभेत रस्ता आणि नाली यांबरोबर एक विषय घ्या, या महिन्यात कोणती लेकरं शाळेत आली नाहीत आणि का. फक्त आकडा वाचून पुढे जाऊ नका, घर कोणतं ते पाहा. बाप आजारी असेल तर योजनेचे कागद कुणी करून द्यायचे, आई डायलिसिसला सोबत जाते त्या दिवशी धाकट्याला अंगणवाडीत जास्त वेळ कोण सांभाळील, हे तिथेच ठरवा. याला सरकारी आदेशाची गरज नाही, पैसेही फारसे लागत नाहीत.

आणि ऐकणाऱ्या आयाबायांनो, शेजारची मुलगी सकाळी दप्तराऐवजी शेळी घेऊन निघालेली दिसली, तर तिच्या मायला एकदा विचारा. उद्याच विचारा.