कादंबरीतला शेजारी



मी समीक्षक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सवड मिळेल तशा मराठी कादंबऱ्या वाचतो. तेव्हा हे एका वाचकाचं मत समजा.

लोकप्रिय कादंबरी हलकी आणि साहित्यिक कादंबरी भारी, ही वाटणी मला पटत नाही. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ने कित्येक पोरांना वाचायला लावलं. २०१३मध्ये सिनेमा आल्यावर नव्या पिढीने ती पुन्हा हातात घेतली. त्यातल्या नायिकेचं नाव शिरीन, आपल्या मोहल्ल्यातलं वाटावं असं. आडनाव मात्र घाटगे! मला ते वाचून मजा वाटली, आणि प्रश्नही पडला : खरीखुरी मोहल्ल्यातली शिरीन मराठी कादंबरीच्या कट्ट्यावर कधी बसणार?

दुसऱ्या टोकाला नंदा खरे यांची 'उद्या'. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला. माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या व्यवस्थेची ही गोष्ट आहे. माझं रोजचं काम डेटाशी असल्याने ती मला जास्त बोचली. माणसाची नोंद होते, तेव्हा माणूस उरत नाही.

कादंबरीतही असंच होतं. बऱ्याच मराठी कादंबऱ्यांत मला भेटलेला मुसलमान एक तर जिवाला जीव देणारा इमानी मित्र असतो, नाही तर दगाबाज. घराचे हप्ते फेडणारा, बायकोशी भांडणारा, सुपारीच्या भावाची काळजी करणारा कुठे आहे? हा फक्त साहित्याचा प्रश्न नाही. पुण्यात मी भाड्याचं घर बघत होतो. फोनवर सगळं ठरलं, नाव सांगितल्यावर खोली 'आधीच गेलेली' निघाली. त्या मालकांनी मला पाहिलंही नव्हतं. त्यांच्या मनातलं माझं चित्र कुठून तरी आलं असणारच.

आता आपल्याकडे वळतो. इथून जवळच बागमांडल्याला फेरीबोटीत बसलं की खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या मिरजोळीत हमीद दलवाई जन्मले. १९६५ची त्यांची 'इंधन' ही कादंबरी मला आजही ताजी वाटते. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक, आणि हळूहळू पेटत जाणारं गाव. त्यात कोणीच धुतल्या तांदळाचं नाही. हिंदू नाही, मुसलमान नाही, खुद्द निवेदकही नाही. म्हणूनच ती माणसं खरी वाटतात.

दलवाईंची राजकीय मतं कुणाला पटोत वा न पटोत, कादंबरी त्यापलीकडे वाचावी लागते. 'आपल्याला चांगलं दाखवा' अशी मागणी आपणही अनेकदा करतो. मला ती धोक्याची वाटते. चांगला मुसलमान हेही एक लेबलच आहे. मला पुरा माणूस हवा : त्याच्या कंजूषपणासकट, विनोदबुद्धीसकट, बहिणीचा हिस्सा दाबणाऱ्या भावासकट.

तो दुसऱ्या कुणी लिहावा म्हणून किती दिवस थांबायचं? श्रीवर्धन, म्हसळा, बाणकोट इथल्या घरांत आखाताच्या नोकऱ्या आहेत, विकलेल्या वाड्या आहेत, शिकलेल्या मुलींची अडलेली लग्नं आहेत. आपली कोकणी बोली आहे. इथे बसलेल्या मुलामुलींना माझी एवढीच विनंती आहे : भरपूर वाचा, कप्पे न करता वाचा, आणि आपल्या घरातलं लिहा. घरच्यांना आवडेल असंच लिहायचं, ही अट मात्र घालून घेऊ नका.