शाळेतलं ताट: धान्य कुठून, मसाला कुठून?



आपलं मूल शाळेत जेवतं.
ताटात पोळी असते, वरण असतं, भाजी असते.
हे ताट भरतं कसं?

दोन वाटांनी.

पहिली वाट धान्याची.
गहू आणि तांदूळ केंद्र सरकार मोफत देतं.
ते येतं भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून.
पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम.
सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम.
गव्हाचं पीठ होतं, पिठाची पोळी होते.

दुसरी वाट पैशाची.
डाळ, तेल, मीठ, मसाला, भाजी बाजारातून घ्यावी लागते.
त्यासाठी सरकार वेगळा निधी देतं.
इथे काही गोष्टी जपायच्या.
तेल, मसाला बंद पाकिटातला, ॲगमार्कचा घ्यावा.
मीठ आयोडीनयुक्त घ्यावं.
पाकिटावरची तारीख वाचूनच ते फोडावं.

पुन्हा सांगते.
धान्य सरकारकडून, बाकी जिन्नस निधीतून.
आणि दोन्हींवर हक्क मुलाचा.

शाळेतल्या जेवणाच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत.
मुलांना वाढण्याआधी जेवण मोठ्यांनी चाखायचं.
त्या मोठ्यांत एक तरी शिक्षक हवा.
आणि धान्य किंवा पैसा नाही म्हणून जेवण चुकलं,
तर मुलाला अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा.

आई-बाबांनो, आजी-आजोबांनो,
एकदा जेवणाच्या वेळी शाळेत जा.
तेलाचं पाकीट हातात घेऊन बघा.
वरणाची चव घ्या.
आणि घरी आलेल्या लेकराला रोज विचारा,
“आज पोटभर जेवलास ना?”