बेळ्ळंदूरमधले छोटे घर आणि पाण्यातली वीज



कडुबीसनहळ्ळीजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून बेळ्ळंदूरपर्यंत आउटर रिंग रोडच्या दोन्ही बाजूंना पीजी आणि कार्यालये दाटीने उभी आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगावहून मुले इथे शिकायला येतात, नोकरीला लागतात आणि राहतात. काही वर्षे भाडे भरल्यावर घरात विषय निघतो, की एखादा वन बीएचके घेऊन टाकावा. मग माहितीपुस्तिका येते. तिच्यावर हिरवे पान छापलेले असते आणि खाली ‘ऊर्जाबचत करणारी वास्तू’ असे लिहिलेले असते. त्या शब्दांत काय असायला हवे, एवढाच आजचा विषय.

माझे म्हणणे थोडक्यात असे: बेळ्ळंदूरमध्ये घराची वीज जोखायची तर आधी पाणी पाहा, मग भिंती, आणि उपकरणांवरचे ऊर्जाबचतीचे तारे सर्वांत शेवटी.

पाणी आधी का? बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर वसले आहे. कावेरीचे पाणी इथे साधारण १०० किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत पंपांनी चढवत आणावे लागते. २००७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११० गावांसाठी रोज ७७५ दशलक्ष लिटरची कावेरी पाचवी योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तोवर या पट्ट्याची मदार बोअरवेल आणि टँकरवरच होती. जिथे सोसायटीने अजून जोडणी घेतलेली नाही, तिथे आजही तीच आहे. मार्च २०२४ मध्ये शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे सरकारनेच सांगितले होते.

आता हिशेब करू. पाणी ३०० मीटर खोलीवरून, म्हणजे हजार फुटांवरून उपसायचे असेल, तर हजार लिटरमागे निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.८२ युनिट लागते. पंपाची आणि पाइपांची तूट धरली तर दीड युनिटाच्या वर जाते. माणशी १३५ लिटर धरा. तिघांच्या घराला महिन्याला बारा हजार लिटर, म्हणजे वीसेक युनिट. ही वीज तुमच्या मीटरवर कधीच दिसत नाही, ती मेंटेनन्समध्ये येते. त्याच मेंटेनन्समध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे रात्रंदिवस चालणारे ब्लोअर असतात, लिफ्ट असते, आणि वीज गेल्यावर डिझेल पिणारा जनरेटर असतो. म्हणून विक्रेत्याकडे जुन्या वीजबिलाइतक्याच आग्रहाने सोसायटीची मार्च-एप्रिल-मेची टँकरची बिले मागा. ती दाखवायला जो खळखळ करतो, त्याच्याकडून मी घर घेणार नाही.

गरम पाण्याचा मुद्दा तर याहून मोठा आहे. बेंगळुरूत बाराही महिने सकाळी गरम पाणी लागते. वीस लिटरची एक बादली २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट जाते. तीन माणसांच्या तीन बादल्या म्हणजे महिन्याला पन्नासेक युनिट. छोट्या घरात हा सर्वांत मोठा खर्च, फ्रिजपेक्षाही मोठा. गच्चीवर सौर बंब पाहून आपण खूश होतो, पण उंच इमारतीत ते पाणी बहुधा वरच्या काही मजल्यांनाच मिळते, खालच्यांना गीझर. त्यातही पाइप लांब आणि उघडा असेल तर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी मोरीत जाते, तेच पाणी, जे हजार फुटांवरून वर आणलेले असते. ‘सौर बंब आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या मजल्यापर्यंत, पाइपाला उष्णतारोधक आवरण आहे का, हे करारनाम्यात लिहून घ्या.

आता भिंती. इथली हवा सुखाची खरी, पण एप्रिल २०१६ मध्ये याच शहराने ३९.२ अंश पाहिले आहेत. नव्या टॉवरमध्ये अनेक ठिकाणी भिंती विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या असतात. पश्चिमेची अशी भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा आखून दिलेली आहे: दर चौरस मीटरला १५ वॅट. बिल्डरला हा आकडा विचारा. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या घरात तर वारा हाच खरा प्रश्न असतो. एकाच बाजूला खिडक्या असलेले घर मे महिन्यात कोंडते, मग एसी येतो. स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची खिडकी दुसऱ्या बाजूला उघडत असेल, तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

राहिली उपकरणे. पंख्यांबद्दल फार बोलत नाही. ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी लावला, तर रोज बारा तासांना महिन्याला सोळा युनिट वाचतात. ते घर घेतल्यावरही करता येते. भिंत आणि पाण्याचा पाइप नंतर बदलता येत नाहीत.

जागेचा विचार करताना तळे विसरू नका. बेळ्ळंदूरचे तळे शहरातले सर्वांत मोठे. २०१५ मध्ये त्यावरचा फेस पेटला, २०१८ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली. सप्टेंबर २०२२ च्या पुरात याच भागात लोक ट्रॅक्टरवरून कामाला गेले. तो पूर राजकालुवे, म्हणजे पावसाचे जुने नाले, अडवल्याचे फळ होता, आणि त्याची किंमत त्यात काहीही हात नसलेल्या भाडेकरूंनी आणि विद्यार्थ्यांनी मोजली, याचा मला राग येतो. इमारतीच्या तळघरात वीजखोली आणि पंप असतील आणि जागा नाल्याच्या काठाला असेल, तर पूर आला की वीज आणि पाणी दोन्ही एकदम जातात. नकाशावर राजकालुवे शोधा. घराचा खाता, म्हणजे महापालिकेतली मालमत्तेची नोंद, ‘ए’ की ‘बी’, रेरा नोंदणी आहे की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्याच. क्षेत्रफळ रेरातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये मागा, कारण सुपर बिल्ट-अपमधली लॉबी तुमचे घर गार ठेवत नाही, तिचा मेंटेनन्स मात्र तुम्हालाच भरावा लागतो.

आणि घर पाहायला एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता जा. विक्री प्रतिनिधीला एसी बंद करायला सांगा, पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवा, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, की मागच्या मेमध्ये नळाला पाणी किती वाजता येत होते.