एका मैदानासाठी निवडणूक

निवडणूक संपली की आपण पहिल्यांदा काय विचारतो? ‘कोण निवडून आलं?’ आज मी तुम्हांला अशा एका पक्षाची हकीगत सांगणार आहे, की ज्याचा एकही माणूस निवडून आला नाही. त्या पक्षाजवळ मुद्दाही एकच होता. आमच्या फुटबॉल संघाला त्याचे मैदान परत मिळू द्या, एवढाच. निवडणूक झाली, पक्षाचे काम संपले. पण अडीच वर्षांनी तो संघ आपल्या मैदानात पुन्हा खेळू लागला. हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

ही गोष्ट इंग्लंडातली, लंडन शहराच्या आग्नेय भागातली. शिक्षक मंडळींना ग्रीनिच हे नाव नवे नाही. शून्य रेखांश शिकवताना ते फळ्यावर लिहावेच लागते. त्याच ग्रीनिच नगरपालिकेच्या हद्दीत, थेम्स नदीच्या दक्षिणेस, चार्ल्टन नावाची वस्ती आहे. तिथल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या पोरांनी १९०५ साली एक फुटबॉल क्लब काढला. त्याचे नाव चार्ल्टन ॲथलेटिक.

या क्लबला १९१९ साली स्वतःचे मैदान मिळाले. मैदान कसले, वाळू आणि खडू काढून टाकून दिलेली एक जुनी खाण होती ती! क्लबजवळ पैसा नव्हता. मग हौशी स्वयंसेवक कुदळ-फावडी घेऊन आले. त्यांनी खाण खणून सपाट केली आणि निघालेली माती कडेला रचून प्रेक्षकांना उभे राहण्यासाठी उतार केले. तीन बाजूंनी उंच आणि मध्ये खोलगट, म्हणून त्या जागेला नाव पडले ‘दि व्हॅली’, म्हणजे आपल्या भाषेत दरी. याच दरीत १२ फेब्रुवारी १९३८ रोजी एका सामन्याला ७५,०३१ माणसे जमली होती. १९४७ साली या संघाने इंग्लंडातला मानाचा एफ. ए. कप जिंकला. ज्या जागेसाठी आजोबांनी घाम गाळला, बापाने जिथे खांद्यावर बसवून सामना दाखवला, ती जागा केवळ जमिनीचा तुकडा राहत नाही. हे तुम्हांला मी काय सांगावे?

पण पुढे दिवस फिरले. १९८४ साली क्लब कर्जाने बुडता बुडता वाचला. नवे चालक आले, तरी मैदानाची जमीन जुन्या मालकाकडेच राहिली, आणि त्यातला एक तुकडा त्याने परत मागितला. त्यातच ११ मे १९८५ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस ब्रॅडफर्ड इथे फुटबॉलच्या मैदानावरील लाकडी सज्जाला आग लागून ५६ माणसे मृत्युमुखी पडली. मग सगळीकडे सुरक्षिततेची तपासणी कडक झाली. दरीतला पूर्वेकडचा प्रचंड उतार धोक्याचा ठरून बंद करण्यात आला. चालकांनी हात टेकले. एका सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांच्या हातांत पत्रके पडली : आपला क्लब हे मैदान सोडून जात आहे. २१ सप्टेंबर १९८५ रोजी तिथे शेवटचा सामना झाला, आणि चार्ल्टनचा संघ दक्षिण लंडनच्याच दुसऱ्या भागात, क्रिस्टल पॅलेस या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहू लागला.

गंमत पाहा. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, संघ वरच्या श्रेणीत चढला. खेळ चांगला होत होता. पण आपल्या घरी नव्हे, दुसऱ्याच्या दारी. आणि इकडे दरीत गवत माजले, पायऱ्यांतून झुडपे उगवली.

आता असे झाले की माणसे चार दिवस हळहळतात आणि मग ‘चालायचंच’ म्हणून गप्प बसतात. चार्ल्टनची माणसे गप्प बसली नाहीत. १९८८ साली त्यांतल्या काहींनी ‘व्हॉइस ऑफ दि व्हॅली’, म्हणजे ‘दरीचा आवाज’, या नावाचे आपले छोटेसे नियतकालिक सुरू केले. त्यात एकच घोष : घरी चला. क्लबच्या नव्या चालकांनाही ते पटले. जमीन आणि क्लब पुन्हा एका हाती आले. मार्च १९८९ मध्ये परतण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्यानंतर काय झाले? हजारो माणसे दरीत गोळा झाली, चार वर्षांचे रान उपटले आणि मैदानाच्या मधोमध त्याची मोठी होळी केली. सत्तर वर्षांपूर्वी जसे श्रमदान झाले होते, तसेच पुन्हा झाले.

पण श्रोतेहो, जमीन आपली असली तरी तिच्यावर हवे ते बांधता येत नाही. बांधकामाची परवानगी नगरपालिकेकडून घ्यावी लागते. ३१ जानेवारी १९९० रोजी ग्रीनिचच्या नियोजन समितीपुढे अर्ज आला. सभागृह क्लबच्या माणसांनी भरून गेले होते. समितीने दहा विरुद्ध दोन मतांनी अर्ज फेटाळला.

इथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मैदानाला लागून घरे होती. सामन्याच्या दिवशी येणारी गर्दी, गाड्या, गोंगाट यांची चिंता शेजाऱ्याला वाटणारच. शिवाय त्या काळात इंग्लंडात फुटबॉलच्या प्रेक्षकांचे नाव वाईट झाले होते. हाणामाऱ्यांच्या बातम्या नेहमी येत. प्रत्येक प्रेक्षक काही दंगेखोर नव्हता. पण चारजणांच्या करणीने चाळीस हजारांच्या कपाळी शिक्का बसतो, हा जगाचा रिवाजच आहे. तेव्हा नगरसेवकांनी नाही म्हटले, म्हणून ते लगेच जनतेचे वैरी ठरत नाहीत.

आता या रागावलेल्या माणसांपुढे दोन वाटा होत्या. एक वाट अगदी जवळची : घोषणा द्या, काचा फोडा, आणि आपल्याविषयी लोक जे म्हणतात ते खरे करून दाखवा. दुसरी वाट लांबची. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, ३ मे १९९० ला. त्यांनी ही दुसरी वाट धरली आणि ‘व्हॅली पार्टी’ काढली.

निवडणूक लढवायची म्हणजे काय काम असते, हे ज्यांनी गावी उभे राहून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहेच. इंग्लंडातल्या नियमाप्रमाणे प्रत्येक उमेदवाराच्या अर्जावर त्याच वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत. उमेदवारही त्या हद्दीत राहणारा, काम करणारा किंवा तिथला मतदार असावा लागे. दूरच्या गावाहून सामना पाहायला येणारा नुसता हौशी प्रेक्षक चालत नसे. ग्रीनिचमध्ये नगरसेवकांच्या जागा होत्या ६२. या लोकांनी ६० उमेदवार उभे केले. म्हणजे अर्जांवरच्या सह्याच झाल्या सहाशे! उरलेल्या दोन जागा का सोडल्या? तर तिथल्या नगरसेवकांनी मैदानाच्या बाजूने कौल दिला होता. ज्याने आपल्याला साथ दिली त्याच्या वाटेत उभे राहायचे नाही, एवढा विवेक त्यांनी ठेवला. ही गोष्ट लहान वाटते, पण फार मोलाची आहे.

उमेदवार कोण, तर एरवी शनिवारी उतारावर उभे राहून आरोळ्या देणारी साधी माणसे. त्यांतल्या बहुतेकांना राजकारणाचा गंध नव्हता. दारोदार पत्रके वाटली गेली. जाहिरातीच्या धंद्यातल्या एका चाहत्याने आपली कला कामाला लावली, आणि रस्त्यारस्त्यावर मोठमोठे फलक लागले. पुढे त्या जाहिरातींना त्या धंद्यात बक्षीसही मिळाले.

लोकांनी टीका केली नसेल का? अवश्य केली असणार. कारण तो काळ साधा नव्हता. एप्रिल १९९० मध्येच इंग्लंडात नवा माणशी कर लागू झाला होता आणि त्यावरून देशभर रान पेटले होते. घरे, शाळा, रस्ते, कर असे सगळे प्रश्न उभे असताना कुणीही सरळ विचारील, ‘अहो, लोक कराखाली दबलेत, आणि तुम्ही चेंडूचं काय घेऊन बसलात?’

प्रश्न रास्त आहे. नगरसेवक निवडून आला तर त्याला एका मैदानावर हात वर करून भागत नाही. गटारे, दिवे, वाचनालये, म्हाताऱ्यांची सोय, या शेकडो गोष्टींवर त्याला मत द्यावे लागते. तिथे ‘मला फुटबॉलापलीकडे काही सांगायचे नाही’ असे म्हणून चालेल का? नाही चालणार. एकाच मुद्द्याच्या पक्षाचे हे उणे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असा पक्ष राज्य चालवायला उपयोगी नाही.

मग तो कशाला उपयोगी आहे? निकाल पाहू म्हणजे कळेल. व्हॅली पार्टीला १४,८३८ मते पडली. शंभरात जवळजवळ अकरा. जागा मात्र शून्य. याचे कारण निवडणुकीच्या रीतीत आहे. ज्या वॉर्डात ज्याला सर्वांत जास्त मते, तो तिथे निवडून येतो. मते सगळ्या हद्दीत पातळ पसरलेली असली, तर बेरीज मोठी होते पण एकही वॉर्ड हाती लागत नाही. दूध शेरभर आहे, पण साठ वाट्यांत ओतले, तर कोणतीच वाटी भरायची नाही, तसे. सत्ता होती मजूर पक्षाकडे आणि ती त्याच्याकडेच राहिली. पण ज्या समितीने अर्ज फेटाळला होता, तिचा अध्यक्ष मात्र आपली जागा गमावून बसला.

आता विचार करा. जानेवारीत सभागृहात आरडाओरडा करणारी माणसे समितीला दिसली होती. ती किती? एक सभागृहभर. मे महिन्यात तीच मागणी चौदा हजार आठशे अडतीस शिक्क्यांनी मोजून पुढे ठेवली गेली. आरोळीची मोजदाद होत नाही, मताची होते. आणि हे मत गुपचूप, एकट्याने, दंगा न करता दिलेले असते. फुटबॉलवाले म्हणजे दंगेखोर, या समजुतीला याहून चांगले उत्तर कोणते असणार?

निवडणुकीनंतर क्लबने नियमाप्रमाणे नवी योजना मांडली. नगरपालिकेने २ एप्रिल १९९१ रोजी तिला मंजुरी दिली. केवळ मतांच्या धाकाने दिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. योजना बदलली, माणसे बदलली, बोलणी झाली. पण आता हा प्रश्न बाजूला सारता येत नव्हता, एवढे निश्चित.

तरी कष्ट संपले नव्हते. परवानगी मिळाली, पण पैसा कुठे होता? संघाला आणखी एक बिऱ्हाड करावे लागले, वेस्ट हॅम क्लबच्या मैदानावर. शेवटी १९९२ साली चाहत्यांनीच वर्गणीवजा योजनेतून दहा लाखांहून अधिक पौंड उभे केले. ५ डिसेंबर १९९२ रोजी, सात वर्षांनी, चार्ल्टनचा संघ दरीत उतरला. समोर पोर्ट्समथचा संघ होता. सज्जे अपुरे, खेळाडूंना कपडे बदलायला तात्पुरत्या खोल्या. पण सामना सुरू होऊन थोडी मिनिटे होतात न होतात तोच कॉलिन वॉल्शने गोल मारला, आणि तोच एक गोल कायम राहून चार्ल्टन जिंकले. पुढे काही वर्षे क्लबच्या चालक मंडळावर चाहत्यांनी निवडून दिलेला एक प्रतिनिधीही बसत असे.

श्रोतेहो, या गोष्टीतून मला एवढेच दाखवायचे होते. निवडणुकीचा उपयोग कोण गादीवर बसणार हे ठरवण्यापुरताच नाही. जो प्रश्न कुणी ऐकून घेत नाही, तो मोजून, लिहून, सर्वांच्या देखत पुढे ठेवण्याचेही ते साधन आहे. मात्र त्यासाठी सहाशे सह्या गोळा करण्याची चिकाटी लागते, साथ देणाऱ्याला साथ देण्याचा विवेक लागतो, आणि शून्य जागा आल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज लिहायला बसण्याची तयारी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हा निकाल फळ्यावर लिहून दाखवा : मते १४,८३८, जागा शून्य. आणि मग विचारा, ‘सांगा पाहू, हे लोक हरले की जिंकले?’ मुले भांडतील. भांडू द्या. त्या भांडणातच धडा आहे.