मुरूम आणि लोडरचे दात

जोत्यासाठी मुरूम उकरायला स्किड स्टिअर लोडर घेणारा पहिल्यांदा विचारतो, बकेट केवढी मोठी मिळेल? विकणाराही मोठीच दाखवतो! पण यंत्राचा जोर ठरलेला. धार रुंद झाली की तो विखुरतो. बकेट दोन्हीकडची चाकं झाकील एवढीच रुंद असावी. त्याहून अरुंद घेतलीत, तर चाकं न खणलेल्या कडांवर चढतील. पुढे फार लांबलेलीही नको. धार बिजागरीजवळ राहिली म्हणजे उचकटायला जोर अधिक येतो. मुरमाला दात हवेतच. टोक बोथट झालं की पिन काढून ते बदलावं. चालढकल केली तर मागचा वेल्ड केलेला खुंट झिजतो, आणि तो खर्च मोठा. तळ सपाट करायला मात्र दात नकोत, सऱ्या पडतात. तिथं साधी धार लावावी.